विंचेस्टर : दगड गेले, चर राहिले

बुधवार

विंचेस्टरला लोक येतात ते कॅथेड्रल बघायला, नाहीतर आर्थर राजाच्या नावावर खपलेलं गोल मेज बघायला. मला बघायचं होतं ते नऊशे वर्षांपूर्वी पाडून टाकलेलं एक चर्च. शाळेत इतिहास शिकवायची तेव्हापासून पुरातत्त्वज्ञ मार्टिन बिडल यांच्या इथल्या उत्खननाबद्दल वाचत आले होते. भाचा साउदॅम्प्टनला नोकरीला आहे आणि तिथून विंचेस्टर रेल्वेने जेमतेम वीस मिनिटांवर. तो म्हणाला, "मावशी, लंडन नंतर बघ, आधी तुझं ते पाडलेलं चर्च बघून घे." आमचे हे खोदकामापेक्षा नदीकाठी फिरण्याच्या ओढीने तयार झाले.

स्टेशनातून उतरून हाय स्ट्रीट लागला की रस्ता सरळ खाली नदीकडे उतरत जातो. ही इचन नदी. तिच्या पश्चिम काठावर रोमन लोकांनी व्हेंटा बेल्गारम नावाचं शहर वसवलं. रोमन गेल्यावर ते ओस पडलं आणि पुढे तेच वेसेक्स या दक्षिण इंग्लंडातल्या राज्याच्या सॅक्सन राजांचं मुख्य ठाणं झालं. नॉर्मन आले, त्यांनीही इथे किल्ला बांधला, कॅथेड्रल बांधलं. एवढं सगळं एकाच जागी, एकाच्या डोक्यावर एक, आणि वर आजचं नांदतं शहर. आपल्याकडे जुन्या वस्तीचं पांढरीचं टेकाड बहुधा गावाबाहेर असतं, तिथे निवांत खणता येतं. इथे खणायचं तर कुणाच्या तरी दुकानाखाली, नाहीतर गाड्या लावायच्या जागेखाली.

सुरुवात खरोखर तशीच झाली. कॅथेड्रलशेजारी गाड्या उभ्या राहत त्या जागेवर एक हॉटेल होणार होतं. रॉजर क्वर्क नावाचे एक सरकारी अधिकारी जुनी कागदपत्रं वाचून विंचेस्टरच्या सॅक्सन चर्चांचा माग काढत होते. त्यांचं म्हणणं पडलं की त्या जमिनीखाली 'न्यू मिन्स्टर' हे सॅक्सन मठाचं चर्च असणार, आधी खणून बघा आणि मग बांधा. १९६१ मध्ये हे काम बिडल यांच्याकडे आलं, तेव्हा ते पंचविशीचेही नव्हते. हॉटेलसाठीचं ते खोदकाम संपलं, पण हात थांबले नाहीत. १९६२ मध्ये विंचेस्टर उत्खनन समिती स्थापन झाली आणि १९७१ पर्यंत दर उन्हाळ्यात शहराच्या वेगवेगळ्या भागांत खणलं गेलं. अमेरिकेतली नॉर्थ कॅरोलायना आणि ड्यूक ही विद्यापीठं मदतीला होती, आणि देशोदेशीचे विद्यार्थी हातात थापी घेऊन गुडघ्यांवर बसत होते.

ते हॉटेल आजही तिथे उभं आहे. मी त्याच्या दारासमोर बराच वेळ रेंगाळले. आत जाण्यासारखं काही नव्हतं. पण एक इमारत बांधायची म्हणून एका शहराला स्वतःचा तळ दिसला, तो इथे.

गुरुवार

सकाळी कॅथेड्रलच्या उत्तरेच्या हिरवळीवर गेलो. मुलं पळत होती, कुणी सँडविच खात बसलं होतं, आणि गवतात विटांच्या रेघा. पहिल्या नजरेला त्या पायवाटेच्या कडा वाटतात. रेघ धरून चालायला लागलं की ती वळते, दुसरीला मिळते, अर्धगोल घेते, आणि मग कळतं की आपण एका चर्चच्या भिंतीवरून चाललो आहोत. हाच तो 'ओल्ड मिन्स्टर', न्यू मिन्स्टरच्या शेजारचं जुनं चर्च, जे बघायला मी आले होते.

वेसेक्सचा राजा केन्वाल्ह याने साधारण ६४८ मध्ये तो बांधला. सुरुवातीला लहानसा, क्रुसाच्या आकाराचा. पुढे साडेचारशे वर्षं तो वाढतच राहिला. दहाव्या शतकात बिशप एथेलवोल्ड यांनी पश्चिमेला भव्य बांधकाम काढलं, त्याचं अर्पण ९८० मध्ये झालं, आणि मग पूर्वेकडची बाजूही वाढली. वुल्फस्टन नावाच्या इथल्याच मठवासी गायकाने त्या काळच्या ऑर्गनचं वर्णन लिहून ठेवलं आहे : चारशे नळ्या, सव्वीस भाते, आणि ते भाते चालवायला घामाघूम होणारी सत्तर माणसं. कवीने पदरचं घातलं असेल असं धरलं, तरी तो आवाज ऐकणारं चर्च लहान नव्हतं.

१०७९ मध्ये नॉर्मन बिशप वॉकलिन यांनी शेजारी नवं कॅथेड्रल सुरू केलं. ८ एप्रिल १०९३ रोजी मठवासी जुन्यातून नव्यात गेले. त्याच वर्षी जुनं पाडायला घेतलं, कारण नव्याचा पश्चिमेकडचा भाग पुरा करायला ते आडवं येत होतं. पाडलं म्हणजे नुसतं जमीनदोस्त नाही केलं. पायाचे दगडसुद्धा उपसून काढले आणि नव्या बांधकामाला लावले. मग बिडल आणि त्यांच्या माणसांना इथे काय सापडलं असेल? बहुतेक ठिकाणी भिंत नव्हती, पायाही नव्हता.

मला या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त भावलेली गोष्ट ही आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. पायाचा दगड काढायला माणसं भिंतीच्या रेषेत चर खणतात. दगड निघून जातो. मग त्याच चरात चुन्याचा चुरा, फुटके तुकडे, निकामी माती लोटून तो बुजवतात. आजूबाजूची जमीन शतकानुशतकं दबून घट्ट झालेली, आणि चरातली माती मात्र वेगळ्या रंगाची, भुसभुशीत, चुन्याने पांढुरकी. थापीने हलक्या हाताने थर खरवडत गेलं की ती सीमा दिसते. ती नीट पाळून चरातली भर तेवढी बाहेर काढली, की भिंत जिथे होती तिथे तिच्याच मापाची पोकळी उरते. ओल्ड मिन्स्टरचा बराचसा आराखडा असा पोकळ्यांतून मिळाला आहे. त्यातही कुठला चर कुठल्या काळच्या भिंतीचा हे ठरवायचं, तर कुठली फरसबंदी कुठल्या कबरीवर चढली आहे आणि कुठल्या कबरीने कुठली फरसबंदी कापली आहे, हे एकेक करून जुळवत जायचं. १९६२ पासून १९६९ पर्यंत हे चाललं. या हिरवळीवर, याच गवताखाली.

आपल्याकडच्या वाचकांना यातली एक गोष्ट जवळची वाटेल. मॉर्टिमर व्हीलर १९४४ ते १९४८ भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. तक्षशिलेला त्यांनी आपल्या तरुणांना चौकोनी खड्ड्यांची पद्धत शिकवली : जमिनीवर चौकटी आखायच्या, दोन चौकटींच्या मध्ये न खणलेली पट्टी सोडायची, आणि त्या पट्टीच्या उभ्या कापात थर वाचायचे. आपल्याकडची कितीतरी उत्खननं याच शिस्तीत झाली. विंचेस्टरलाही सुरुवात चौकटींनीच झाली. पण चर्चच्या भिंती कुणाच्या चौकटी बघून वळत नाहीत. नेमका महत्त्वाचा कोपरा मधल्या पट्टीखाली राहायचा. बिर्टा क्योल्ब्यू ही डेन्मार्कची पुरातत्त्वज्ञ इथे आली, तिच्या देशात सगळं क्षेत्र एकदम मोकळं करून खणण्याची रीत होती. इथेही मधल्या पट्ट्या गेल्या आणि अख्खं मैदान एकेका थराने उघडत नेलं. १९६६ मध्ये तिचं आणि बिडल यांचं लग्न झालं, आणि विंचेस्टरचं काम पुढे दोघांचं झालं. २०१० मध्ये ती वारली. हिरवळीवरच्या त्या रेघांमध्ये तिचा वाटा बरोबरीचा आहे, आणि तो तसाच सांगितला गेला पाहिजे.

रेघांवरून चालताना आणखी एक ध्यानात येतं. जुन्या चर्चची दिशा आणि आजच्या कॅथेड्रलची दिशा एक नाही. एक रेघ तिरकी होत थेट कॅथेड्रलच्या भिंतीखाली शिरते. ह्यांनी ती पावलांनी मोजत भिंतीपर्यंत नेली आणि म्हणाले, "पुढचं तर आतच राहिलं की!" खरंच, काही भाग आजच्या चर्चच्या पोटात आहे. ओल्ड मिन्स्टर अखेरीस पाऊणशे मीटरच्या आसपास लांब होता. आजचं कॅथेड्रल एकशे सत्तर मीटर.

दुपारी कॅथेड्रलच्या आत. उंच वेदीच्या दोन्ही बाजूंना, भिंतीवर चढवलेल्या सहा रंगीत पेट्या आहेत. ओल्ड मिन्स्टरमध्ये पुरलेल्या राजांची आणि बिशपांची हाडं त्यांत आहेत, असं पेट्यांवर लिहिलेलं. डिसेंबर १६४२ मध्ये यादवी युद्धाच्या धामधुमीत पार्लमेंटच्या सैनिकांनी पेट्या फोडल्या आणि आतली हाडं फेकून मारत खिडक्यांच्या काचा फोडल्या. नंतर लोकांनी हाडं गोळा करून जमतील तशी पेट्यांत भरली. ती कुणाची कुणात गेली ते कळायला मार्ग नव्हता. २०१२ पासून ब्रिस्टल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ती तपासली. तेराशेहून अधिक हाडं आणि किमान तेवीस माणसं. त्यांतला एक सांगाडा प्रौढ बाईचा आहे, आणि तो एम्मा राणीचा असण्याची शक्यता आहे. एम्मा ही आधी एथेलरेडची आणि मग डॅनिश राजा क्नूटची राणी. ती १०५२ मध्ये गेली. आणखी दोन सांगाडे दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांचे निघाले, त्यांचं नाव कुठल्याच पेटीवर नाही. मला राजांपेक्षा त्या दोन मुलांनीच धरून ठेवलं.

खिडक्यांचं काय झालं? पश्चिमेच्या प्रचंड खिडकीत फुटलेल्या काचा पुन्हा बसवल्या आहेत. मूळ चित्र जुळवणं अशक्य होतं, म्हणून तुकडे मिळाले तसे. कुठे एक चेहरा, कुठे हात, बाकी नुसता रंग. उन्हात ती फार सुंदर दिसते.

शुक्रवार

रात्रीपासून पाऊस. इथे जुलैच्या मध्यावर पावसाबद्दल प्रत्येकजण एकच नाव घेतो : संत स्विदिन. १५ जुलैला पाऊस झाला तर पुढे चाळीस दिवस पडतो, असा समज. आपली आजी मृग-आर्द्रा धरून आणि नक्षत्राचं वाहन बघून पाऊस सांगायची, तेच हे.

या स्विदिनची कथा ओल्ड मिन्स्टरच्या उत्खननात मधोमध बसते. तो विंचेस्टरचा बिशप, ८६३ च्या सुमारास वारला. त्याने आपली कबर चर्चच्या आत नको म्हणून सांगितलं होतं म्हणतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं आणि पावसाचं पाणी अंगावर पडावं, अशी बाहेर, पश्चिमेच्या दाराजवळ. शंभरेक वर्षांनी, १५ जुलै ९७१ रोजी, एथेलवोल्डने ते अवशेष समारंभाने उकरून आत नेले आणि यात्रेकरूंची रीघ लागली. पश्चिमेचं ते भव्य बांधकाम या रिकाम्या झालेल्या कबरीच्या जागेवरच उभं राहिलं. म्हणजे एका साध्या कबरीभोवती अख्ख्या चर्चचा नकाशा बदलला. हे आधी ग्रंथांतून माहीत होतं. उत्खननाने त्या कबरीची जागा जमिनीत दाखवली, आणि तीही आता हिरवळीवर खूण करून ठेवली आहे. भिजत पुन्हा एकदा तिथे गेलो. पावसात ती जागा बघणं योग्यच वाटलं.

मग शहर संग्रहालय. कॅथेड्रलजवळच्या चौकात, फार मोठं नाही, पण रोमन, सॅक्सन, मध्ययुग अशी शहराची पूर्ण उतरंड तिथे बघायला मिळते. ओल्ड मिन्स्टरच्या भरावात १९६५ मध्ये सापडलेल्या एका कोरीव दगडाबद्दल मी वाचलं होतं. चिलखत घातलेला एक माणूस चालला आहे, आणि शेजारी जमिनीवर पडलेल्या, बांधलेल्या माणसाच्या तोंडाशी लांडग्याने जीभ लावली आहे. ही उत्तरेकडच्या सिग्मुंडच्या कथेतली घटना असावी आणि हा पट्टा क्नूटच्या काळात चर्चमध्ये लागला असावा, असा बिडल यांचा तर्क. ख्रिस्ती चर्चमध्ये डेन लोकांची वीरकथा! क्नूट स्वतः १०३५ मध्ये याच चर्चमध्ये पुरला गेला होता, हे लक्षात घेतलं की तर्क पटू लागतो.

पाऊस थांबल्यावर खाली लोअर ब्रुक स्ट्रीटला गेलो. बघायला काही नाही. साधा रस्ता आहे. पण मला विचाराल तर विंचेस्टरच्या उत्खननाचा खरा मोठेपणा कॅथेड्रलच्या हिरवळीइतकाच या साध्या रस्त्यावर आहे. कारण इथे राजे नव्हते. मध्ययुगात याचं नाव टॅनर स्ट्रीट, कातडी कमावणाऱ्यांचा रस्ता, आणि ते नाव दहाव्या शतकाच्या अखेरच्या दस्तऐवजातही आहे. त्याच काळात शहरात खाटकांचा एक आणि ढाली बनवणाऱ्यांचा एक असेही रस्ते होते. १९६५ ते १९७१ इथे घरामागून घर खणलं गेलं. नदीचं पाणी पाटांनी रस्त्याकडेने आणि घरांच्या बाजूने खेळवलेलं होतं. पुढे कापड धुणारे आणि रंगवणारे इथे आले, त्यांनाही ते पाणी हवंच होतं. मधेच एक इवलंसं चर्च, टॅनर स्ट्रीटचं सेंट मेरी, जेमतेम एका खोलीएवढं. भरभराटीच्या काळात या शहरात अशी पन्नासहून जास्त चर्च होती. गल्लीतली चार घरं, आणि त्यांचं आपलं देऊळ.

आणि या सगळ्याच्या खाली सातव्या शतकाच्या अखेरीची काही मोजकी दफनं. त्यांतल्या एका तरुण मुलीच्या गळ्यात सोन्याची आणि गार्नेटच्या लाल खड्यांची माळ होती. ती पुरली गेली तेव्हा वर हा रस्ता नव्हता, कातडी कमावणारे नव्हते, शहरच नव्हतं.

इथली जमीन सखल आणि पाण्याने भिजलेली. म्हणून खाली घरांचे लाकडी खांब, फळ्या, पाटांच्या कडा कुजल्या नाहीत, ओल्या राहून टिकल्या. याच पाण्याने कॅथेड्रलला मात्र जवळजवळ खाली घेतलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भिंतींना तडे गेले, तेव्हा विल्यम वॉकर नावाचा पाणबुड्या १९०६ ते १९११ रोज अवजड पोशाख चढवून पायाखालच्या गढूळ काळोख्या पाण्यात उतरला आणि हाताने चाचपत काँक्रीटच्या पिशव्या रचत राहिला. पंचवीस हजारांवर पिशव्या. एकाच पाण्याने लाकडाची घरं राखली आणि दगडाचं देऊळ खचवलं.

कागदांचंही सांगायला हवं. विंचेस्टरचं नशीब असं की १०८६ च्या प्रसिद्ध डूम्सडे पाहणीतून, म्हणजे इंग्लंडभरच्या जमिनींच्या मोजणीतून, ते सुटलं. पण १११० च्या सुमारास आणि ११४८ मध्ये शहराची स्वतंत्र, घरोघरची मोजणी झाली. कोण कुठल्या रस्त्यावर राहतो, किती भाडं देतो, सगळं. डेरेक कीन यांनी नंतरच्या शतकांचे दस्त पालथे घालून एकेका मिळकतीचा वारसा लावला. त्यामुळे जमिनीत सापडलेल्या घराला कागदावरचा मालक मिळू शकतो. माती आणि दप्तर असं एकमेकांना जोडून एका शहराचा अभ्यास करायचा, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते.

आमच्या नाशकात गोदावरीच्या काठी मातीची गढी आहे. १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळापासूनचं नाशिक त्या एका गढीत थरांनी उभं आहे. मी मुलांना तिथे घेऊन जायची. आज तिच्या माथ्यावर घरं आहेत आणि दर पावसाळ्यात कडेची माती ढासळते. नाशकाकडेही थर आहेत आणि जुनी दप्तरं आहेत. नवी इमारत उठायच्या आधी खाली काय आहे ते बघून घ्यायचं, एवढं जर आपल्या जुन्या शहरांनी धरलं, नाशिक, पैठण, जुन्नर, कोल्हापूर, तर केवढं काही हाती येईल. त्या रस्त्यावर उभं राहून मला हे तीव्रतेने वाटलं, आणि परतीच्या वाटेवर ह्यांच्याशी मी त्याशिवाय दुसरं काही बोलले नाही.

शनिवार

पश्चिमेकडचा चढ चढून किल्ला. उरला आहे तो मुख्यतः ग्रेट हॉल, तिसऱ्या हेन्रीने १२२२ ते १२३५ मध्ये बांधलेला. भिंतीवर ते गोल मेज टांगलेलं, साडेपाच मीटर व्यासाचं. लाकडाच्या वलयांवरून आणि कार्बन तपासून ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं ठरलं. आर्थरशी त्याचा संबंध आठव्या हेन्रीने रंगवून घेतला तेवढाच. गर्दी तिथेच होती.

मला हवं होतं ते किल्ल्याच्या खालचं. नॉर्मनांनी हा किल्ला १०६७ मध्ये बांधायला घेतला, तेव्हा इथली सॅक्सन वस्ती त्यांनी मातीच्या भरावाखाली गाडून टाकली. रस्ता, घरं, सगळं. त्या भरावामुळे सगळं १०६७ ला बंद झालं. खणल्यावर त्याखालचा रस्ता निघाला, एकदा नव्हे तर एकावर एक अनेक वेळा गारगोटी घालून दुरुस्त केलेला. एवढ्या दुरुस्त्या व्हायला पिढ्यान्‌पिढ्या लागतात. त्या मोजत मागे गेलं की पहिला रस्ता नवव्या शतकाच्या अखेरीस किंवा दहाव्याच्या आरंभी पडतो. विंचेस्टरचे काटकोनात आखलेले रस्ते रोमन असणार, असं त्याआधी सगळे धरून चालत. खणल्यावर दिसलं की रोमन रस्ते वेगळ्याच रेषांवर आहेत. आजच्या रस्त्यांची आखणी सॅक्सनांची, वेसेक्सच्या आल्फ्रेड राजाच्या वेळची, किंवा त्याच्या आसपासची आहे. आपण हाय स्ट्रीटवरून वळून गल्लीत शिरतो, ती गल्ली व्हायकिंगांच्या धाडींच्या भीतीने आखली गेली आहे.

हे पटवणारा एक जुना कागदही आहे, आणि त्यातलं गणित मी भाच्याला जेवताना करून दाखवलं. दहाव्या शतकाच्या आरंभीच्या एका यादीत प्रत्येक तटबंद गावाला किती जमीन नेमून दिली ते आहे. विंचेस्टरला २४०० हाइड (हाइड हे जमिनीचं जुनं माप). नियम असा की दर हाइडमागे एक माणूस, आणि तटाच्या दर साडेसोळा फुटांना चार माणसं. म्हणजे २४०० माणसं, ६०० टप्पे, एकूण ९,९०० फूट. प्रत्यक्षात जुन्या तटाची लांबी ९,९५४ फूट भरते! भाचा म्हणाला, "मावशी, आमच्या कामात इतका जुळणारा आकडा आला तर आधी संशय घेतात." पण तो जुळतो. रोमनांचा पडका तट आल्फ्रेडच्या लोकांनी डागडुजी करून वापरात आणला आणि त्याच मापाने माणसं नेमली.

संध्याकाळी नदीकाठाने कुरणांतून सेंट क्रॉसपर्यंत चालत गेलो. बाराव्या शतकातलं धर्मादाय आश्रयगृह, आजही वृद्धांचा आधार. ह्यांना अखेर मनासारखं चालायला मिळालं.

रविवार

वुल्व्हसी. बिशपांचा पडका वाडा, कॅथेड्रलच्या आग्नेयेला. राजा स्टीफनचा भाऊ हेन्री ऑफ ब्लॉइ इथला बिशप होता. बाराव्या शतकात त्याने हा उभारला, आणि १५५४ मध्ये मेरी राणी आणि स्पेनचा फिलिप यांच्या लग्नाची मेजवानी इथल्या पूर्वेच्या दालनात झाली. भिंती उघड्या आहेत, छप्पर नाही, आत फिरायला पैसे पडत नाहीत. बिडल यांच्या चमूने इथेही अनेक उन्हाळे काढले. आडव्या थरांतून सुटून इथे पहिल्यांदा उभी भिंत बघायला मिळाली, म्हणून डोळ्यांना बरं वाटलं. त्यापेक्षा जास्त मी इथे रमले नाही.

तिथून गिल्डहॉलच्या बगलेतल्या ॲबी पॅसेजमध्ये. आल्फ्रेडची राणी एल्हस्विथ हिने स्थापलेल्या नन्नामिन्स्टरचे, म्हणजे जोगिणींच्या मठाचे, थोडे अवशेष उघडे ठेवले आहेत. उत्खनन १९८१ ते ८३ मधलं. वाटेने जाणाऱ्यांतले फार थोडे खाली वाकून बघतात. राजाचा पुतळा मात्र पलीकडच्या चौकात तलवार उंचावून उभा, १९०१ पासून. एल्हस्विथच्या मठाकडेही जरा मान वळवावी, एवढंच म्हणते.

सोमवार

आज उत्तरेला, शहराच्या हाइड नावाच्या भागाकडे. आल्फ्रेड ८९९ मध्ये गेला. आधी ओल्ड मिन्स्टरमध्ये पुरला, मग मुलाने, थोरल्या एडवर्डने, शेजारीच न्यू मिन्स्टर बांधलं तेव्हा तिथे नेला. दोन्ही चर्च इतकी जवळ की मधून एक माणूस कसाबसा जाई आणि एकातलं गाणं दुसऱ्यात घुसे, असं जुना इतिहासकार लिहितो. ही दाटी सुटावी म्हणून १११० मध्ये न्यू मिन्स्टरचे मठवासी तटाबाहेर हाइडला गेले आणि राजघराण्याच्या अस्थी सोबत नेल्या. आठव्या हेन्रीच्या काळात मठ मोडला. १७८८ मध्ये त्या जागेवर तुरुंग बांधताना कैद्यांनी शवपेट्या उकरल्या. शिसं विकलं गेलं, हाडं इतस्ततः फेकली गेली.

आज तिथे एक शांत बाग आहे. उत्खननाने मुख्य वेदीची जागा निश्चित केली, तिच्यासमोर तीन शिळा बसवल्या आहेत : आल्फ्रेड, एल्हस्विथ, एडवर्ड. खाली कुणी नाही. जवळच्या सेंट बार्थोलोम्यू चर्चच्या आवारातल्या एका निनावी कबरीतली हाडं आल्फ्रेडची म्हणून सांगितली जात. २०१३ मध्ये ती काढून तपासली, तर ११०० ते १५०० मधली निघाली. पण त्याच शास्त्रज्ञांनी एक गोष्ट केली. १९९९ मध्ये हाइडला झालेल्या उत्खननात वेदीजवळ सापडलेली आणि संग्रहालयाच्या भांडारात पेटीत पडून असलेली हाडंही त्यांनी तपासायला घेतली. त्यांत कंबरेच्या हाडाचा एक तुकडा निघाला, ८९५ ते १०१७ च्या दरम्यानचा, पुरुषाचा, वय मृत्यूसमयी सव्वीस ते पंचेचाळीस. इतक्या जुन्या काळातला आणि या जागी पुरला गेलेला माणूस म्हणजे बहुधा आल्फ्रेड, नाहीतर एडवर्ड. त्यापुढे जाता येत नाही.

बागेत एक बाई झाडांना पाणी घालत होत्या. जवळच्याच गल्लीत राहतात. या भागातल्या रहिवाशांनी अलीकडच्या वर्षांत आपापल्या परसात खड्डे घेऊन मठाच्या दगडांचा शोध लावला आहे, त्यांत त्याही होत्या. "भाजीचे वाफे दोन हंगाम गेले," असं त्या अगदी आनंदाने म्हणाल्या. मी विचारलं, बाहेरच्या माणसाला घेतात का? त्या म्हणाल्या, थापी धरता येत असेल आणि गुडघे चालत असतील तर विचारून बघा, वसंतात खणतात.

गाडीत बसल्यावर मी भाच्याला पहिलं काम सांगितलं ते हेच : वसंतातल्या त्या खोदकामासाठी नाव कुठे द्यायचं ते शोध. ह्यांनी विचारलं, "अगं, तुझे गुडघे?" भाच्याने फोन काढला आणि पत्ता शोधायला लागला.